घर गहाण न ठेवता सिनेमाची शाळा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडपात दरवर्षी मधुमेहापासून म्युच्युअल फंडापर्यंत व्याख्यानं होतात. यंदा सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "परदेशात जाऊन सिनेमा शिकायचा, तर नोकरदाराला परवडेल अशी शाळा कशी शोधायची, यावर बोलतो." ते जरा थांबले आणि म्हणाले, "विषय छान आहे, पण मुंबई-पुण्याचा वाटतो."

तसा तो राहिलेला नाही. आपल्याच मंडळातल्या तीन घरांत मुलं मोबाइलवर फिल्म बनवतात, त्या स्पर्धांना पाठवतात आणि रात्री जेवताना हळूच म्हणतात, "मला हेच शिकायचंय." पुढे काय होतं ते तुम्हांला ठाऊक आहे. आई वडिलांकडे बघते आणि वडील ताटाकडे.

मी मूळचा धारचा, नोकरी देवासला. लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहे, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. सिनेमातलं मला तिकीट काढण्यापलीकडे फारसं कळत नाही. पण एस्टिमेट करता येतं, आणि गेलं दीड वर्ष मी घरी एकच एस्टिमेट करतो आहे. माझी मोठी मुलगी इंदूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डॉक्युमेंट्री शिकायची आहे आणि ती परदेशात शिकायची आहे.

तिला घेऊन एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्यांनी दहा मिनिटांत एक छापील कागद पुढे केला. एक वर्षाचा कोर्स, राहणं-खाणं धरून पंचेचाळीस लाख. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

घर धारला आहे. बाबांनी नोकरीत असताना एकेक खोली वाढवत बांधलेलं. आज तिथे आई राहते. त्या घरावर माझा जेवढा हक्क, तेवढाच माझ्या धाकट्या भावाचा. परत येताना बसमध्ये मी कागदाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. चाळीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५४ हजार रुपये. दहा वर्षांत चाळीस लाखांचे जवळपास पासष्ट लाख होतात, आणि यात शिकत असतानाच्या काळातलं व्याज धरलेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, शेजारच्यांच्या मुलानेही अमेरिकेत इंजिनियरिंगसाठी एवढंच कर्ज काढलं आणि चार वर्षांत फेडलं. खरं आहे. पण सिनेमाच्या शाळेत कंपन्या मुलाखती घ्यायला येत नाहीत. शिकून बाहेर पडलेली मुलं आधी कुणाच्या तरी हाताखाली काम करतात. काम आज असतं, पुढचे तीन महिने नसतं. स्वतःची फिल्म करायला वेळ लागतो आणि त्या वेळात पगार नसतो. अशा मुलीच्या डोक्यावर ५४ हजारांचा हप्ता असला, तर ती काय करील? मिळेल ती नोकरी धरील. लग्नाचे व्हिडिओ करील, जाहिरातींच्या कचेरीत बसेल. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी पंचेचाळीस लाखांची शाळा लागत नाही. जे करायला शिकली, तेच त्या कर्जामुळे करता येणार नाही.

म्हणून मी घरात 'परवडणं' या शब्दाचा अर्थ ठरवून टाकला. फी किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की शिक्षण संपवून ती स्वतःची पहिली फिल्म सुरू करील, त्या दिवशी तिच्यावर आणि आपल्या घरावर कर्ज किती असेल? तो आकडा जितका लहान, तितकी शाळा परवडणारी. पुढचं सगळं बोलणं याच मापाने मोजा.

या बाबतीत आपला मूळपुरुष कोण म्हणाल, तर दादासाहेब फाळके. परदेशात जाऊन सिनेमा शिकलेला पहिला मराठी विद्यार्थी तोच म्हणायला हरकत नाही. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेव्हा चाळिशी उलटली होती, घरी बायको-मुलं होती. शाळा तर नव्हतीच. त्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकली. लंडनमध्ये 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन उभे राहिले. त्या संपादकाने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओशी घालून दिली. तिथे काही दिवस काम जवळून बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. मग वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म करून दाखवली, त्यावर भांडवल मिळवलं, सरस्वतीबाईंचे दागिने मोडले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

कर्ज फाळक्यांनीही काढलं होतं. पण ते पैसे गेले कुठे ते पाहा. शिकण्यावर थोडे, आणि कॅमेऱ्यावर, कच्च्या फिल्मवर, कामावर जास्त. आजचा सल्लागार आपल्याला उलटं सांगतो. सगळं कर्ज फीमध्ये घाला, फिल्मचं पुढे बघू.

आता एकेका देशाचा हिशोब बघू.

सुरुवात अमेरिकेपासून, कारण मुलांच्या तोंडी पहिलं नाव तेच असतं. तिथे सिनेमाची मास्टर्स पदवी बहुधा तीन वर्षांची. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टिश स्कूलसारख्या नावाजलेल्या ठिकाणी नुसती फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर. डॉलर ८५ रुपये धरला तरी वर्षाचे ५१ लाख. त्याच शहरात ब्रुकलिन कॉलेजचं फाइरस्टीन स्कूल आहे. २०१५ साली सुरू झालेली ही सार्वजनिक विद्यापीठाची सिनेमा शाळा, आणि फी खासगी शाळांपेक्षा बरीच कमी. अमेरिकेतच जायचं असेल, तर अशी सार्वजनिक शाळा आधी बघावी. मात्र न्यूयॉर्कचं घरभाडं कुणालाच सूट देत नाही. व्हिसाच्या कागदांसाठी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, तेही लक्षात ठेवा.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. तिथे बहुतेक राज्यांत सरकारी उच्च शिक्षणाला फी नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. बर्लिनजवळ बाबेल्सबर्गला कोनराड वोल्फ यांच्या नावाचं चित्रपट विद्यापीठ आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. त्यासाठी व्हिसाच्या वेळी एका बंद खात्यात वर्षाचे पैसे ठेवावे लागतात. २०२४मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो होती. युरोला शंभर रुपये धरा, म्हणजे बारा लाखांच्या आत. हे पैसे कुणी खात नाही, दरमहा ९९२ युरो आपल्याच मुलाला खर्चाला मिळतात. शिवाय विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. अडचण भाषेची आहे. सिनेमाच्या बहुतेक कोर्सना जर्मन लागतं, आणि तेही बऱ्याच वरच्या पायरीचं. म्हणजे तयारी दोन वर्षं आधीपासून हवी. पण जर्मनच्या वर्गाची फी आणि पंचेचाळीस लाख यांची तुलना तुम्हीच करा.

चेक देशातही असंच. प्रागची 'फामू' ही १९४६ साली सुरू झालेली शाळा. मिलोश फोरमन तिथलेच. सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकलात तर फी नाही, मग तुम्ही कुठल्याही देशाचे असा. इंग्रजीतून शिकायचं असेल तर फी भरा. मला हा प्रकार आपल्या गावाकडच्या व्यवहारासारखा वाटला. आमची भाषा शिकून आलास तर घरचा, नाही तर पाहुणा.

आणि माझ्या मुलीने शोधून काढलेला मार्ग म्हणजे युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती. यात वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून एक मास्टर्स चालवतात. डॉक्युमेंट्रीसाठी 'डॉकनोमॅड्स' नावाचा असा दोन वर्षांचा कोर्स लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रुसेल्स इथल्या संस्थांनी मिळून उभा केला. शिकवणं इंग्रजीतून. ज्याला ही शिष्यवृत्ती मिळते, त्याला फी नसते आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त चोवीस महिने. जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून, त्यामुळे लॉटरी लागल्यासारखं धरून चालू नये. पण अर्ज करायला धारच्या घराची रजिस्ट्री लागत नाही, चांगली फिल्म लागते.

दुसऱ्या शिष्यवृत्त्याही आहेत. जर्मनीची 'डाड' ही संस्था कला आणि चित्रपट या विषयांसाठी वेगळी पदव्युत्तर शिष्यवृत्ती देते. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते, पण आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख. आपल्या मध्य प्रदेश शासनाच्याही विदेश अध्ययनाच्या योजना आहेत. या सगळ्यांत एक सूचना: अर्ज भरण्याआधी विषयांची यादी वाचा. काही ठिकाणी सिनेमा बसतो, काही ठिकाणी बसत नाही. आणि जे. एन. टाटा एंडोमेंट. १८९२पासून चालू असलेली ही कर्ज-शिष्यवृत्ती. शिकायला पैसे घ्या, कमवायला लागलात की परत करा, त्यातून पुढचा मुलगा जाईल. या कल्पनेकडे मी शेवटी पुन्हा वळणार आहे.

आता आपल्यासारख्या सरकारी नोकरांच्या कामाचं थोडं. आपल्या राज्यात १ जानेवारी २००५ नंतर जे रुजू झाले, त्यांना जुन्या लोकांसारखा जीपीएफचा आधार नाही, एनपीएस आहे. त्यातून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, तीन वर्षं झाल्यावर, स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. सरकारी बँकांत शिक्षणकर्ज साडेसात लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे घर-जमीन तारण मागत नाहीत. त्याच्या वर गेलात की मागतात. हा साडेसात लाखांचा आकडा मी माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. ती माझ्या घराची लक्ष्मणरेषा.

कुणी विचारील, एवढं करून परदेशी जायचंच कशाला? हा प्रश्न मीही मुलीला विचारला. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६०पासून आहे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे, दिल्लीला जामियाचं केंद्र आहे. पुण्यात तर परदेशातून मुलं शिकायला येतात. त्यांच्या देशातल्या आई-बापांनी असाच हिशोब केला असेल आणि त्यांना परवडणारी शाळा आपल्या पुण्यात सापडली असेल! पायल कपाडिया तिथेच शिकल्या आणि २०२४ साली कान महोत्सवात त्यांच्या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं. कुमार शहानी आधी पुण्यात शिकले, मग फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, आणि तिथे रोबेर ब्रेसाँ यांच्या हाताखाली काम केलं. मणी कौल पुण्याचेच विद्यार्थी. आपल्या माळव्यात वाढलेल्या मराठी घरातल्या गजानन माधव मुक्तिबोधांवर त्यांनी 'सतह से उठता आदमी' केला. आणि नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' ही लघुफिल्म अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा क्रम असा लावता येतो. आधी इथली प्रवेशपरीक्षा. इथे शिकून पुढे शिष्यवृत्तीवर बाहेर. किंवा थेट बाहेर, पण फी नसलेल्या किंवा शिष्यवृत्ती मिळालेल्या ठिकाणी. सगळ्यांत शेवटी कर्ज, आणि तेही रेषेच्या आत. सल्लागाराचा कागद या क्रमाच्या बरोबर उलट्या टोकापासून सुरू होतो, कारण बिनफीच्या शाळेत त्याला काही मिळत नाही.

माझी मुलगी हे सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, तुम्ही पुलाचं एस्टिमेट करता, तेव्हा पूल किती वर्षं टिकणार ते धरता ना? मग माझं नुसतं बांधकामाचंच का धरता?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिथली माणसं, तिथली ग्रंथालयं, दहा देशांचे सोबती, यांना किंमत आहे, आणि ती माझ्या तक्त्यात मावत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "पूल टिकतो तो पायावर. पाया इथे भर."

पाया म्हणजे काय? कुठल्याही चांगल्या शाळेत अर्जाबरोबर स्वतःचं काम मागतात. फिल्म, छायाचित्रं, लिखाण. आणि विचारतात, तुला काय सांगायचं आहे? इथे आपली मुलं गडबडतात. मुंबईच्या गर्दीची, समुद्राची फिल्म करतात, जी त्यांनी सुट्टीत चार दिवस बघितलेली असते.

आणि आपल्याकडे काय नाही? एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, असं देवास जगात दुसरं दाखवा. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली इथे थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. परत जाऊन त्यांनी 'ए पॅसेज टू इंडिया' पुरं केलं, पुढे १९५३ साली देवासवरच 'द हिल ऑफ देवी' लिहिलं. ती टेकडी म्हणजे आपली माताजींची टेकडी, जिथे आपण नवरात्रात चढून जातो. पहिल्या पुस्तकावर १९८४ साली डेव्हिड लीन यांनी सिनेमाही काढला. धारचं सांगायचं तर मांडूला 'दिल दिया दर्द लिया' आणि 'किनारा'ची शूटिंग झाली. म्हणजे आपली टेकडी इंग्रजाने लिहिली, आपलं मांडू मुंबईने दाखवलं. आपल्या घरातल्या मुलीने आपल्या आजीच्या नजरेतून ते अजून दाखवलेलं नाही.

गाव लहान म्हणून काम लहान होत नाही, याचे दाखले आपल्या दारातच आहेत. मूर्तिकार रघुनाथराव फडके वसईचे, पण धारचे झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात हवापालटाला देवासला आले आणि इथल्या बायकांच्या तोंडची माळवी लोकगीतं ऐकत बरे झाले. त्यांच्यावर जब्बार पटेलांनी 'हंस अकेला' हा माहितीपट केला. जब्बार पटेल मुळात मुलांचे डॉक्टर!

माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात बाग प्रिंटच्या एका कारागिराच्या घरी राहून बारा मिनिटांची फिल्म केली. भाड्याचा माइक, मैत्रिणीचा कॅमेरा, सगळा खर्च अठरा हजार. तीच फिल्म तिने पुण्याच्या तयारीसाठी आणि युरोपच्या अर्जासाठी ठेवली आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. न लागला तर ती वर्षभर काम करील आणि पुन्हा अर्ज करील, असं आमचं ठरलं आहे. आई मला फोनवर विचारते, "पोरीचं झालं का रे काही?" मी सांगतो, चालू आहे. घराचं नाव त्यात कुठे नाही, हेही सांगतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण वर्गणी गोळा करतो, आरास करतो, बक्षिसं देतो. त्या वर्गणीतला एक लहान हिस्सा दरवर्षी बाजूला काढून परतफेडीचा निधी सुरू करू या. शाळेची फी भरायला तो पुरणार नाही, आणि त्यासाठी तो नकोच. धार-देवासच्या आपल्या मुलांना पहिल्या छोट्या फिल्मसाठी पंधरा-वीस हजार द्यायचे, बिनव्याजी. कमवायला लागली की त्यांनी ते परत करायचे, म्हणजे पुढच्याचा कॅमेरा येईल. अट एकच: फिल्म आपल्या भागातली असावी आणि तिचा पहिला खेळ याच मंडपात, आरतीनंतर व्हावा. वडील मंडळींनी ती शेवटपर्यंत बघावी आणि मग काय आवडलं नाही ते तोंडावर सांगावं. सिनेमाच्या शाळेतही रोज तेच होतं म्हणतात.

निधीची पहिली वर्गणी म्हणून मी आज कोषाध्यक्षांकडे ५,००१ रुपये देतो आहे. पावती सवडीने द्या.